ट्रॉलीच्या चाकाचं बेरिंग किती दिवसांनी खोलायचं?

ट्रॅक्टरची सर्व्हिस आपण तासांवर मोजतो, डॅशबोर्डवर आकडा दिसतो, शोरूममधून फोन येतो, डायरीत तारीख लिहिलेली असते. ट्रॉलीला मीटर नाही. तिला इंजिन नाही, बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकही नाही, म्हणून तिच्यात बिघडण्यासारखं काही आहे हेच आपल्या ध्यानात राहत नाही, आणि ज्या दिवशी आठवण होते त्या दिवशी ती कापसानं भरलेली असते, रस्त्यावर उभी असते आणि चाकातून धूर निघत असते.

मला गावात बरेच जण विचारतात की बेरिंग किती दिवसांनी पाहा लागते. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, मग कारण समजावतो. वर्षातून दोनदा. एकदा पोळा ते दसरा या मधल्या दिवसांत, सोयाबीन सोंगायच्या आधी, कापूस घरात यायच्या आधी. दुसऱ्यांदा मे महिन्यात, मृग लागायच्या आधी. आणि ट्रॉली नाल्यात चाकाच्या हबपर्यंत, म्हणजे एक्सलवर फिरणाऱ्या मधल्या लोखंडी भागापर्यंत, बुडाली असेल तर तारीख न पाहता, त्याच आठवड्यात. आपल्या ट्रॉलीचं बेरिंग किलोमीटर खात नाही, पाणी खाते.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. चार वर्षांआधी जानेवारीत राळेगाव तालुक्यातून हिंगणघाटला कापूस घेऊन निघालो होतो. ट्रॉली वरपर्यंत भरलेली, ताडपत्री बांधलेली, संध्याकाळ होऊन राहिली होती. वर बसलेला पोरगा ओरडला.

"भाऊ, डाव्या चाकातून आवाज येऊन रायला."

"कसा आवाज?"

"जात्यावानी. घरघर."

"वडकीवर पोचू दे, थांबून पाहू."

वडकी आलीच नाही. त्याच्या आधीच चाक तिरपं झालं, टायर ट्रॉलीच्या पाटीला घासायला लागला आणि जळक्या ग्रीसचा वास आला. उतरून टॉर्च मारला तर हबवर ओतलेलं पाणी चर्र वाजून उडत होतं, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर वाळलेला कापूस. त्या रात्री मी जेवढा घाबरलो तेवढा आजपर्यंत घाबरलो नाही. गावातून दुसरी ट्रॉली आली, रातोरात कापूस इकडचा तिकडे केला, आणि सकाळी मिस्त्रीनं चाक काढलं तेव्हा आतल्या बेरिंगची रिंग एक्सलवर अशी चिकटली होती की गॅसनं कापून काढा लागली. एक्सलचं टोक खराब, हब खराब, बेरिंगच्या गोळ्या म्हणाव्या तर ओळखू येत नव्हत्या. दुसऱ्या बाजूचं चाक, जे चांगलं चालत होतं, तेही खोललं. त्यातलं ग्रीस ताकातल्या लोण्यासारखं पांढरं पडलेलं. भादव्यात ती ट्रॉली नाल्यातून तीनचारदा गेली होती, आणि नंतर पाच महिने आम्ही ती तशीच वापरली.

आता हबच्या आत नेमकं काय असते ते पाहू, कारण हे एकदा डोळ्यासमोर आलं की बाकी सगळं आपोआप समजते. एक्सलच्या टोकावर दोन बेरिंग असतात, आतल्या बाजूचं मोठं आणि बाहेरच्या बाजूचं लहान. दोन्हीची रचना सारखी. एक आतली रिंग जिच्यावर रोलर बसवलेले असतात, तिला मिस्त्री कोन म्हणतात, आणि एक बाहेरची रिंग जी हबमध्ये ठोकून बसवलेली असते, तो कप. रोलर सरळ नसतात, एका बाजूनं निमुळते असतात, गाजराच्या तुकड्यासारखे. त्यामुळे हे बेरिंग वरून येणारं वजनही झेलते आणि वळणावर बाजूनं जो रेटा येतो तोही झेलते. ही कल्पना अमेरिकेतल्या हेन्री टिमकेन नावाच्या माणसाची, त्यानं १८९८ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि तो काही मोटारवाला नव्हता, घोडागाड्या बनवणारा होता. घोडागाडी वळताना चाकावर बाजूनं जो जोर येतो त्याचा त्रास त्यानं रोज पाहिला असणार. आपल्या बंडीचं दुखणंही तेच. आपल्या आज्यांच्या काळात बंडीच्या आकाला वंगण दिल्याशिवाय कोणी बाजाराला बंडी जुंपत नसे, वंगणाची नळी बंडीलाच टांगलेली असायची. ट्रॉली आली, वंगण हबच्या आत झाकलं गेलं, दिसेनासं झालं, आणि आपली ती सवय सुटली. टायरची बंडी ज्यांच्याकडे आहे त्यांच्याही चाकात बेरिंगच असते, तर हे सगळं त्यांनाही लागू आहे.

हबच्या आतल्या तोंडाशी, म्हणजे ट्रॉलीच्या पोटाकडे, एक रबराची रिंग असते, ऑइल सील. बाहेरच्या तोंडाशी पत्र्याची टोपी. ग्रीस बाहेर जाऊ नये आणि चिखल-पाणी आत येऊ नये हे काम या दोघांचं. पूर्ण चाकात स्वस्तातली वस्तू ही सील आहे आणि बेरिंगचं आयुष्य सगळ्यात जास्त तिच्यावर अवलंबून आहे, हे मी वारंवार सांगतो कारण बेरिंग घ्यायला गेलेला माणूस सील घ्यायचंच विसरतो आणि जुनीच ठोकून बसवतो.

आता नाल्याचं. ट्रॉली दहा-पंधरा किलोमीटर चालून आली की हब कोमट झालेला असतो, आतली हवा तापून फुगलेली असते. तसाच तो थंड पाण्यात गेला की आतली हवा एकदम आकसते आणि हब बाहेरून ओढायला लागतो, जशी दाबलेली पिचकारी पाण्यात सोडली की ती पाणी ओढून घेते तशी. सीलची ओठासारखी कड थोडीही झिजलेली असली की तिच्यातून पाणी आत. अमेरिकेत लोक बोटी ट्रेलरवर ठेवून तळ्यात उतरवतात, त्यांनाही हाच त्रास होतो, म्हणून तिथे बोटीच्या ट्रेलरचं बेरिंग इतरांपेक्षा लवकर पाहा असं सांगतात. आपल्याकडे बोट नाही पण पांदण आहे, रपटा आहे, पुरात वाहून गेलेला आणि अजून न बांधलेला पूल आहे. आत गेलेलं पाणी वाळत नाही. ते ग्रीसमध्ये मिसळते, ग्रीस पांढरट होते आणि त्याची धरून ठेवायची ताकद जाते. मग ट्रॉली गोठ्याजवळ महिनाभर उभी राहिली की रोलर जिथे कपाला टेकलेले असतात तिथे बरोबर तेवढ्या तेवढ्या अंतरावर गंजाच्या रेघा पडतात. कप पुसून पाहिला की त्या रेघा मोजता येतात. पुढे तिथूनच लोखंडाचे पापुद्रे सुटायला लागतात.

इंटरनेटवर हा विषय शोधला की दुसराच आकडा येतो. तिकडे लोक कारच्या मागे चाकांवरचं अख्खं घर ओढत फिरायला नेतात, ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात त्याला, आणि त्याच्या एक्सलवाल्या कंपन्यांचं साधारण सांगणं असं की १२ महिने किंवा १२,००० मैल, जे आधी होईल तेव्हा बेरिंग काढून धुवा, तपासा, नवं ग्रीस भरा. १२,००० मैल म्हणजे १९,००० किलोमीटरच्या वर. आता आपली ट्रॉली वर्षाला किती चालते? वावर ते घर, घर ते मार्केट, कधी वीटभट्टी, कधी लग्नाचं सामान, आमची तर दोन हजार किलोमीटरही होत नसेल. किलोमीटरचा हिशेब धरला तर आमची पाळी नऊ-दहा वर्षांनी येईल. तोपर्यंत हबमध्ये बेरिंग राहणार नाही. त्यांचा ट्रेलर डांबरी हायवेवर चालतो, वजन ठरलेलं असते. आपली ट्रॉली काळ्या चिखलात, फुफाट्यात, धुऱ्यावरून उड्या मारत चालते. त्यांच्या सांगण्यातला १२ महिन्यांचा भाग मात्र खरा आहे आणि तो आपल्याला जास्तच लागू होतो, कारण चाक फिरलं नाही तरी ग्रीस जुनं होते.

वजनाचं एक गणित सांगतो, ते मला कळलं तेव्हा मी दोन दिवस त्याच विचारात होतो. रोलर बेरिंगवर भार दुप्पट केला तर त्याचं आयुष्य अर्धं होत नाही, जवळपास दहाव्या हिश्शावर येते. भार दीडपट केला तर आयुष्य चौथाई उरते. हे बेरिंग कंपन्यांचं स्वतःचं सूत्र आहे, भार जेवढ्या पटीनं वाढतो त्याच्या सव्वातीन घातापेक्षाही थोडं जास्त आयुष्य कमी होते. म्हणजे ३ टनांच्या ट्रॉलीत ६ टन मुरूम भरून "चाललीच ना" म्हणणारा माणूस, दहा वर्षं चालणारं बेरिंग एका वर्षात वापरून टाकतो. कापसाच्या ट्रॉलीचं वजन त्या मानानं कमी असते, ती दिसायला मोठी दिसते. मुरूम, गिट्टी, रेती, विटा, ओलं शेणखत, हे खरं वजन. ज्यांची ट्रॉली अशा भाड्यावर रोज चालते त्यांनी वर्षातून दोनदाच्या भरवशावर राहू नये, माझ्या मते दर तीन महिन्यांनी खोलून पाहावं.

आणि आपल्या विदर्भात सगळीकडे एकच वेळापत्रक चालत नाही. मी सांगितलेलं पोळा-दसरा आणि मे हे कापूस-सोयाबीनच्या पट्ट्याचं आहे. वरुड-मोर्शीकडे आंबिया बहाराचा संत्रा ऑक्टोबर ते डिसेंबर निघतो आणि मृग बहाराचा फेब्रुवारीपासून पुढे, तर तिकडच्यांनी सप्टेंबर आणि जानेवारी धरावा. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत ट्रॉली रोवणीच्या वेळीच पऱ्हे घेऊन चिखलात एक्सलपर्यंत उतरते, त्यांनी दसऱ्याची वाट न पाहता रोवणी संपली की चाकं खोलावी, कारण तेवढ्या चिखलातून सील कोरडी राहिली असेल अशी आशा करण्यात अर्थ नाही. तत्त्व एकच, पाणी संपलं की एकदा आणि मोठी वाहतूक सुरू व्हायच्या आधी एकदा, या दोन गोष्टी एकाच वेळी येत असतील तर उत्तम.

दोन सर्व्हिसच्या मधात काय करायचं? हात लावायचा. खरंच एवढंच. मार्केटला पोचलो की उतरल्याबरोबर दोन्ही हबच्या टोपीवर तळहात ठेवायचा. कोमट लागला तर ठीक. एक कोमट आणि एक गरम असेल तर गरमवाल्यात काहीतरी आहे. हात दोनतीन सेकंदही ठेवता येत नसेल तर रिकामी ट्रॉलीही पुढे न्यायची नाही. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन असं असते की उभ्या ट्रॉलीचं लोखंडही पोळते, म्हणून उन्हाच्या बाजूचं आणि सावलीच्या बाजूचं चाक याचा फरक ध्यानात ठेवा, पण चालून आल्यावरचा ताप आणि उन्हाचा ताप यात फरक कळतो, उन्हानं पत्र्याची पाटीही तेवढीच तापलेली असते, बेरिंगनं फक्त हब तापतो.

महिन्यातून एकदा रिकामी ट्रॉली जॅकवर घ्यायची. दुसऱ्या चाकाला पुढून-मागून दगड लावून, ट्रॉली ट्रॅक्टरला पिननं जोडलेली ठेवून, आणि एक्सलखाली लाकडाचा ओंडका किंवा स्टँड देऊन. फक्त जॅकच्या भरवशावर खाली बसायचं नाही, याला काही सूट नाही. मग चाक वरून आणि खालून दोन हातांनी धरून आतबाहेर हलवायचं. थोडंसं टिक असं जाणवलं तर चालते, खडखड हललं तर बेरिंग ढिलं झालंय नाहीतर झिजलंय. मग चाक जोरात फिरवून कान लावायचा. चांगलं बेरिंग सळसळते. खराब झालेलं घरघरते, दळल्यासारखं, आणि हात टायरवर ठेवला तर ती घरघर बोटांना लागते. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फटकारे उडालेले दिसले तर सील गेली. आणि तिथेच आणखी एक गोष्ट पाहायची जी कोणत्या पुस्तकात नसते, एक्सल आणि हबच्या फटीत सुतळी, ड्रिपच्या नळीचा तुकडा, पऱ्हाटीची साल, प्लॅस्टिकची दोरी, खताच्या पोत्याचे धागे गुंडाळले असतात. ते चाकाबरोबर फिरत फिरत सीलची कड कापून टाकतात. विळ्यानं नाही, पक्कडनं ओढून काढा, विळ्यानं सीलच कापली जाते.

आता खुद्द सर्व्हिस. एका चाकाला निवांत केलं तर दीड तास लागतो. टोपी काढायची, स्प्लिट पिन सरळ करून ओढायची आणि फेकून द्यायची, ती परत वापरायची नाही. नट, वॉशर, बाहेरचं बेरिंग काढून घ्यायचं, चाकासकट हब ओढायचा, मागची सील उचकून काढायची, आतलं बेरिंग काढायचं. कोणता कोन कोणत्या कपातला हे वेगवेगळं ठेवायचं कारण ते एकमेकांवर घासून जुळलेले असतात, अदलाबदल करायची नाही. धुवायला डिझेल किंवा घासलेट, पेट्रोल नाही, पेट्रोलची वाफ कोपऱ्यात चालू असलेल्या विडीपर्यंत कधी पोचते ते कळत नाही. धुतल्यावर स्वच्छ कपड्यानं पुसून पूर्ण वाळू द्यायचं. डिझेल राहिलं तर नवं ग्रीस पातळ होते, आणि बरेच जण इथेच घाई करतात. कॉम्प्रेसरची हवा मारून बेरिंग गरगर फिरवायचा खेळ तर अजिबात करायचा नाही, कोरडं बेरिंग त्या वेगात खराब होते आणि रोलर धरून ठेवणारा पिंजरा फुटून ते अंगावर येऊ शकतात.

धुतलेलं बेरिंग उजेडात घेऊन प्रत्येक रोलर पाहायचा. काचेसारखा चमकत असेल तर परत बसवा. निळसर किंवा तपकिरी रंग आला असेल तर ते तापलं होतं, त्याच्या पोलादाचं पाणी उतरलंय, म्हणजे कडकपणा गेलाय. खड्डे, पापुद्रे, गंजाच्या आडव्या रेघा, वाकलेला पिंजरा, यातलं काहीही एक दिसलं तर बदला. बोटाला लागते की नाही हे नखानं पाहायचं, नख अडकलं म्हणजे गेलं. काढलेल्या जुन्या ग्रीसकडेही पाहा, त्यात चंदेरी चमक असेल तर ते लोखंड आहे जे बेरिंगमधून निघालं.

बदलायचं असेल तर कप आणि कोन जोडीनंच. जुन्या कपात नवा कोन बसवणं म्हणजे नव्या रोलरला जुन्या खड्ड्यातून चालवणं. कप हबमधून काढताना आणि बसवताना पितळेचा किंवा मऊ लोखंडाचा दांडा वापरा, चारी बाजूनं थोडा थोडा ठोकत, कारण कप हा कडक पोलादाचा असतो, त्यावर सरळ हातोडा मारला तर चिलपी उडून डोळ्यात जाते. नवा कप तळाला बसला की ठोकण्याचा आवाज बदलतो, भरीव येतो. कप हबमध्ये हातानंच बसत असेल, ढिला असेल, तर हब बदलायची वेळ आली आहे. आपल्याकडे पंचानं टिपके मारून तो घट्ट करतात, ते हंगाम काढायला ठीक, पण वजनाखाली तो कप परत फिरायला लागतो.

दुकानात जाताना जुनं बेरिंग घेऊन जायचं किंवा त्याच्या कडेवर कोरलेला नंबर उतरवून न्यायचा. मेट्रिक नंबर असेल तर शेवटचे दोन आकडे पाचानं गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये येतो, ३०२०८ असेल तर ०८ गुणिले ५ म्हणजे ४० मिलिमीटर, ३२२११ असेल तर ५५. एवढं माहीत असलं की दुकानदार "हेच लागते" म्हणून दुसरं देऊ शकत नाही. ज्याचं पाकीट आणि बेरिंगवरचा कोरीव नंबर जुळत नाही ते घेऊ नका. डुप्लिकेट माल खूप आहे आणि तो नवीन असताना असलीपेक्षाही जास्त चमकतो.

ग्रीस कोणतं, यावर आमच्या पारावर भांडणं होतात. ग्रीस म्हणजे तेल, आणि ते तेल धरून ठेवणारा एक प्रकारचा साबण. स्पंज पाणी धरते तसं. काम तेल करते, साबण फक्त त्याला जागेवर ठेवतो. चाकाच्या बेरिंगला लिथियम साबणाचं, २ किंवा ३ नंबर घट्टपणाचं ग्रीस चालते, दुकानात मागताना चाकाच्या बेरिंगचं ग्रीस असं स्पष्ट सांगायचं. साधं लिथियम ग्रीस १८० अंशांच्या आसपास पातळ होऊन गळायला लागते, लिथियम कॉम्प्लेक्स त्याच्याही वर टिकते. स्वस्तातलं जे कॅल्शियमचं चेसिस ग्रीस मिळते ते पाण्याला चांगलं पण १०० अंशांच्या आतच वितळते, ते पिनला, बुशला लावा, हबमध्ये नको. ग्राफाइटवालं काळं ग्रीसही नको, ते रोलर बेरिंगसाठी नाही. आणि जुन्यावर दुसऱ्या जातीचं ग्रीस चढवायचं नाही, काही साबण एकमेकांत मिसळले की दोन्ही पातळ होतात, म्हणूनच आधी धुऊन काढायचं.

भरायची पद्धत अशी. स्वच्छ तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा, बेरिंगची रुंद बाजू त्याच्यावर दाबत दाबत ओढायची, जोपर्यंत निमुळत्या बाजूनं रोलरच्या मधातून ग्रीस किड्यांसारखं बाहेर येत नाही तोपर्यंत, मग थोडं फिरवून पुढचा भाग. वरून नुसतं लिंपलेलं ग्रीस रोलरच्या आत जात नाही. हबच्या पोकळीत मात्र ठासून भरायचं नाही, तिसरा हिस्सा ते अर्धी एवढंच. जास्त भरलं की ते घुसळलं जाते, तापते, आणि जागा नसली की सील ढकलून बाहेर येते. सील नवी, तिची स्प्रिंग असलेली बाजू आतल्या बेरिंगकडे, कडेला बोटभर ग्रीस लावून. एक्सलवर सील जिथे घासते ती जागाही पाहा, तिथे खाच पडली असेल तर नवी सीलही गळेल.

नट कसायची रीत सगळ्यात महत्त्वाची, आणि इथेच जोरदार माणूस चुकतो. चाक हातानं फिरवत फिरवत नट पान्यानं कसा, चाक जड फिरायला लागेपर्यंत, म्हणजे रोलर नीट बसतात. मग नट पूर्ण ढिला करा. मग पाना बाजूला ठेवून फक्त बोटांनी कसा. आता पिनचं भोक आणि नटची खाच जुळत नसेल तर ढिल्या बाजूला नेऊन जुळवा, कसायच्या बाजूला नाही. साधारण ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर एवढं चाकाला आतबाहेर हलायला मोकळं पाहिजे, वहीच्या एका कागदाची जाडी समजा. जास्त कसलेलं बेरिंग ढिल्यापेक्षा लवकर जळते. नवी पिन, टोपी, आणि पहिल्या २०-३० किलोमीटरनंतर परत एकदा चाक हलवून पाहायचं, नवा कप थोडा बसतो.

हबला किंवा टोपीला निप्पल आहे, मग खोलायचं कशाला, ग्रीस गननं मारलं की झालं, असं बरेच जण म्हणतात. मी पण आधी तसंच करत होतो, त्या जळालेल्या चाकालाही निप्पल होती. बाहेरून मारलेलं ग्रीस आधी बाहेरच्या बेरिंगजवळची पोकळी भरते, आतल्या बेरिंगपर्यंत पोचते की नाही ते दिसत नाही, आणि जास्त दाबलं तर मागची सील निसटते. मग ज्या सीलमुळे पाणी थांबत होतं तीच गेली. अमेरिकेतल्या त्या फिरत्या घरांच्या एक्सलला टोकातून ग्रीस द्यायची सोय असते, तिथेही लोकांची हीच तक्रार की सील निसटून ग्रीस ब्रेकवर जाते. निप्पल असेल तर मधात एकदोन पंप, चाक फिरवत, हलक्या हातानं, एवढं ठीक आहे. त्यानं पाणी निघत नाही, गंज दिसत नाही, खोलायची पाळी टळत नाही.

वॉशिंग सेंटरवर ट्रॉली धुताना प्रेशरचं पाणी सरळ सीलवर मारू देऊ नका, सांगा त्या पोराला. पावसाळ्यात ट्रॉली उभी ठेवायची तर चिखलात नाही, चाकाखाली फरशीचे दगड टाकून, आणि पंधरा दिवसांतून एकदा चार हात पुढे-मागे ढकलायची, म्हणजे रोलर एकाच जागी टेकून राहत नाहीत आणि ग्रीस परत त्यांच्यावर फिरते.

आणि रस्त्यात आवाज आलाच तर तिथेच थांबा. गरम हबवर पाणी ओतू नका, मी ओतलं होतं, त्यानं तापलेलं पोलाद तडकू शकते आणि पाणी आत ओढलं जाते ते वेगळं. कापूस किंवा कुटार भरलेलं असेल तर आधी त्या चाकाजवळचा माल हातानं मागे सारा, एक माणूस तिथे उभा ठेवा. हब आपोआप थंड होऊ द्या, तास लागला तरी लागू द्या. मग टोपी काढून पाहा, नट ढिला झाला असेल आणि रोलर शाबूत असतील तर बोटांनी कसून, ग्रीस घालून, चालायच्या वेगानं जवळच्या गावापर्यंत रिकामी नेता येते. रोलर तुटले असतील तर नाही. आमच्या ट्रॉलीच्या टूलबॉक्समध्ये आता एक बाहेरचं बेरिंग, एक आतलं, एक सील, चार स्प्लिट पिना आणि अर्धा किलो ग्रीसचा डबा झाकण लावून ठेवलेला असतो, आणि पाटीच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं शेवटच्या सर्व्हिसची तारीख लिहिलेली असते, नाल्यात गेली की त्याच्याच खाली खडूनं एक फुली मारतो.